टाळी मंडळ

वडील गेल्यानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात मी आईला दोह्याला घेऊन आले. मी तिची एकुलती एक मुलगी, तीही उशिरा झालेली. तिची ऐंशी उलटून गेली होती. सांगलीकडच्या आमच्या तालुक्याच्या गावात तिला एकटं ठेवणं बरं नव्हतं, आणि इथली माझी नोकरी, नवऱ्याचं काम, मुलीची शाळा सोडून तिकडे जाऊन राहणं जमण्यासारखं नव्हतं. आई फारसं काही न बोलता बॅग भरून आली.

आम्ही दोह्याच्या अल गराफा भागात राहतो. बाहेरून बघितलं तर मोठा व्हिला दिसतो, पण आत भिंती घालून त्याची चार-पाच घरं केलेली आहेत. आमच्या वाट्याला खालच्या दोन खोल्या, एक हॉल आणि मागे एसीची यंत्रं घरघरत असतात तो अरुंद बोळ. सकाळी आम्ही तिघंही बाहेर पडायचो आणि दुपार कलेपर्यंत आई घरात एकटी. रस्त्यावर चालणारं माणूस दिसत नाही, शेजारणी सगळ्या नोकरी करणाऱ्या. मी ऑफिसातून फोन करायचे. ती म्हणायची, जेवले, पडले होते, सगळं ठीक आहे. एकदा मी लवकर घरी आले तर ती दाराजवळच्या खुर्चीवर चपला घालून बसली होती. कुठे निघाली होतीस म्हणून विचारलं तर म्हणाली, कुठे नाही, नुसत्याच घातल्या. त्यानंतर ऑफिसात माझं चित्त लागेना. संगणकावर काहीतरी उघडून बसायचे आणि डोळ्यांपुढे त्या चपला यायच्या.

म्हणून मुलीला शाळेतून आणायला जाताना मी वाटेत घरी थांबून आईला गाडीत घ्यायला लागले. मुलगी तेव्हा नववीत होती आणि शाळेच्या खो-खोच्या संघात नुकतीच निवडली गेली होती. सराव शाळा सुटल्यावर असायचा, तोवर शाळेच्या बस निघून गेलेल्या असायच्या. मुलींचा विभाग वेगळा, आणि सरावाच्या वेळी फाटकाच्या आत पुरुषांना सोडत नसत. नवरा एकदोनदा आणायला गेला तेव्हा त्याला बाहेर गाडीतच बसून राहावं लागलं. त्यामुळे हे काम माझ्याकडे आलं.

पहिले काही दिवस आई गाडीत बसून राहिली. मग खेळाच्या मॅडमनी तिला पाहिलं. त्या केरळच्या, पन्नाशीच्या आसपासच्या, आवाज घोगरा झालेला. त्यांनी हाताला धरून आईला आत नेलं आणि मैदानाच्या कडेला सावलीत प्लॅस्टिकची खुर्ची टाकून दिली. मैदान म्हणजे हिरव्या खोट्या गवताचा एक लांबट तुकडा, दोन्ही टोकांना खांब. आई त्या गवताला आधी पायाने चाचपून बघायची, मग बसायची.

माझी मुलगी पळती चांगली करायची. बसलेल्या मुलींच्या एकेकीच्या मधून, एकदा इकडून एकदा तिकडून, धावदोरा घातल्यासारखी निघायची. मी तिला घरात कायम फोनवर किंवा पुस्तकात मान घालून बघितलेली. आम्ही मराठीत बोललो तरी ती उत्तर इंग्रजीतच द्यायची, तेही दोन शब्दांत. मैदानावर ती कोणी वेगळीच होती. ओरडायची, पडायची, हसत उठायची. आई मला कोपराने ढोसून म्हणायची, "बघ, हूल कशी दिली बघ." मी बघायचे, पण खरं सांगायचं तर एक डोळा घड्याळावर असायचा. घरी जाऊन कुकर लावायचा असायचा.

शाळेत मुलींचा एक स्पिरिट क्लबही होता. ज्या खेळत नसत त्यातल्या हौशी मुली त्यात होत्या. सामन्यांच्या दिवशी गालांवर शाळेचे रंग लावायचे, झिरमिळ्यांचे गोंडे हलवायचे, घोषणा द्यायच्या, हे त्यांचं काम. त्यांच्याकडे एक ढोल आणि दोन भोंगे होते, त्याचा त्यांना मोठा अभिमान होता. त्या वर्षी स्पर्धा बंदिस्त हॉलमध्ये घ्यायची ठरली आणि सूचना आली की हॉलमध्ये आवाज घुमतो, पंचांची शिट्टी ऐकू येत नाही, तेव्हा प्रेक्षकांनी ढोल, भोंगे आणू नयेत. क्लबच्या मुली रुसून मैदानाच्या कडेला बसल्या.

आईने माझ्या मुलीला विचारलं, या का रुसल्या? मुलीने सांगितलं. आई म्हणाली, अगं मग टाळ्या वाजवा की. आणि तिने वाजवून दाखवल्या.

तिच्या हायस्कुलात मुलींचं टाळी मंडळ होतं. ही एकोणीसशे पन्नासच्या दशकातली गोष्ट. हायस्कूल मुलामुलींचं एकत्र होतं, पण मुलींचा सामना असला की मुलांना लवकर घरी सोडत आणि मागच्या आवाराचं फाटक लावून घेत. बघायला कोण, तर फक्त मुली आणि एकदोन मास्तरीणबाई. हेडमास्तरांची सक्त ताकीद होती की मुलींचा आरडाओरडा रस्त्यावर ऐकू जाता कामा नये. मग मुलींनी तोंडाऐवजी हात वापरायचं ठरवलं. आपली खेळाडू पळत असली की तिच्या पावलांवर एकेक टाळी. समोरच्यांनी खो दिला की जोडटाळी. आणि आपली मुलगी बाद झाली की बोटांवर बोटं हलकी आपटायची, ती मैदानाबाहेर येऊन बसेपर्यंत. म्हणजे तिला शांततेत एकटीला चालत यावं लागू नये.

हे सगळं आई मराठीत सांगत होती आणि माझी मुलगी त्या मल्याळी, तमिळ, तेलुगू मुलींना इंग्रजीत करून सांगत होती. इतकं मराठी तिला कळतं हे मला त्या दिवशी समजलं. क्लबच्या मुलींना ते बोटांवर बोटं वाजवणं फार आवडलं. त्या आईला आज्जी म्हणायला लागल्या. आईही त्यांच्याकडून यल्ला, म्हणजे चला, हा इथला शब्द शिकली. टाळीचा ठेका ढिला पडला की खुर्चीतून म्हणायची, यल्ला पोरींनो. एका मुलीने विचारलं, तुझी आज्जी खो-खो खेळायची का? माझ्या मुलीने हो सांगितलं. मलाही तसंच वाटत होतं. लहानपणी आई मला हूल कशी द्यायची ते अंगणात शिकवायची, त्यावरून मी तेच धरून चालले होते.

ते वर्ष छान गेलं. आई आता दुपारी चपला घालून बसायची ती मी येणार म्हणून. उन्हाळ्यात ती पुण्याला माझ्या मावसबहिणीकडे गेली आणि ऑक्टोबरात परत आली. तोवर मुलगी दहावीत गेली होती.

सहामाहीचे मार्क आले. गणितात ती बरीच खाली घसरली होती, विज्ञानातही. नवरा प्रकल्पाच्या कामात बुडालेला. म्हणाला, तू बघ काय करायचं ते, तुला तिचं जास्त कळतं. ऑफिसातल्या दोन बायकांनी अबू हमूर भागातल्या एका शिकवणीबाईंचं नाव सुचवलं. त्यांच्याकडे जागा मिळणं अवघड होतं. एक जागा रिकामी झाली, पण तिची वेळ नेमकी सरावाची होती. विचार करायला दोन दिवस द्या म्हणाले असते तर बाईंनी दिलेही असते. मी फोनवरच हो म्हणून टाकलं.

मुलीला मी ते शाळेच्या बाहेर गाडीतच सांगितलं. आई मागच्या सीटवर होती. मी तयारी करून गेले होते. बोर्डाचं वर्ष किती महत्त्वाचं, खेळ पुढेही खेळता येतो, एका वर्षाचाच प्रश्न आहे, अकरावीत पुन्हा संघात जाता येईल. ती रडेल, भांडेल, त्याला काय उत्तर द्यायचं हेही ठरवलं होतं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि ओके म्हणाली. मग सीटबेल्ट लावला. थोड्या वेळाने म्हणाली, "मला वाटलंच होतं." तेवढं मात्र मराठीत.

संध्याकाळी खेळाच्या मॅडमचा फोन आला. स्पर्धा आता अगदी जवळ आली आहे, तेवढी होऊ दे, मग शिकवणी सुरू करा, असं त्यांचं म्हणणं होतं. मी म्हटलं, जागा जाईल. त्यांनी वाद घातला नाही. दर वर्षी दहावीत हेच होतं, म्हणाल्या. नववीपर्यंत मुली तयार करायच्या आणि दहावीत त्या जातात. मुलांच्या विभागात इतके जात नाहीत. त्यांच्या आवाजात राग असता तर मला सोपं गेलं असतं. मी फोन ठेवला आणि कणीक मळायला घेतली. आई भाजी निवडत होती. ती म्हणाली, "बोर्डाचं वर्ष आहे. बरोबर केलंस." मला तिचा आधार वाटायला हवा होता. तो वाटला नाही.

पुढे जे झालं त्याची मला कल्पना नव्हती. पहिल्या शिकवणीच्या दिवशी मुलीला अबू हमूरला सोडल्यावर आईने विचारलं, आता आपण मैदानावर जायचं ना? मी म्हटलं, आता कशाला? ती म्हणाली, "त्या पोरींना मी सांगितलंय येते म्हणून. त्यांचा ठेका अजून बसला नाही." शाळा तिथून फार लांब नव्हती आणि शिकवणी संपेपर्यंत मला कुठेतरी वेळ काढायचाच होता. मी नाही म्हणू शकले नाही.

तेव्हापासून आमचा असा क्रम बसला. मुलीला शिकवणीला सोडायचं आणि तिच्या आजीला घेऊन तिच्याच मैदानावर जायचं. मुलगी गाडीतून उतरताना दप्तर खांद्यावर टाकायची आणि आईला म्हणायची, आज्जी, त्यांना हाय सांग. रोज हेच. त्यात टोमणा नव्हता. मी तो शोधायचे, पण नव्हता. मैदानावर तिच्या जागी नववीतली एक तेलुगू मुलगी घेतली होती. अंगाने बारीक, पायाने चपळ, पण खांबाजवळ आली की बिचकायची. मॅडम तिला पुन्हा पुन्हा तेच करायला लावायच्या. मी पाठ करून फोनमध्ये बघत बसायचे. टाळ्यांवरून मला न बघताही कळायचं की ती पळतेय की बाद झाली.

एकदा परत जाताना सिग्नलवर थांबलो होतो. मी काहीतरी बोलायचं म्हणून आईला म्हटलं, "तू तर चांगली खेळायचीस ना ग? तुला वाईट वाटलं असेल हिचं."

"मी कुठे खेळले," आई म्हणाली. "सातवीपर्यंत, आणि आठवीत थोडे दिवस. पुढं नाही."

मग तिने सांगितलं. आठवीत ती हायस्कुलात गेली. संघात घेतलं होतं. एक दिवस शाळेचा शिपाई काही कामाने आजोबांकडे आला आणि बोलता बोलता म्हणाला, तुमची मुलगी परकराचा काचा मारून काय पळते. आजोबा पोस्टात होते, गावात मान होता. ते रागावले नाहीत. रात्री जेवताना एवढंच म्हणाले की आता तू मोठी झालीस, पळायचं पुरे, मैत्रिणी खेळतात तिथे बसून टाळ्या वाजव. "मग बसले," आई म्हणाली. "नुसतं बसून काय करायचं, म्हणून टाळ्यांचं सगळं बसवलं. पुढं ते मंडळ माझंच झालं."

सिग्नल सुटला होता. मागच्या गाडीने हॉर्न दिला तेव्हा मी गाडी पुढे घेतली.

"तुला राग नाही आला?"

"राग कशाला येईल? मलाही तेव्हा ते बरोबरच वाटलं होतं."

आरशात तिने माझ्याकडे बघितलं असावं, कारण थोड्या वेळाने ती समजूत काढल्यासारखी म्हणाली की तुझी गोष्ट वेगळी, तू अभ्यासासाठी काढलंस, तुझ्या आजोबांसारखं लोक काय म्हणतील म्हणून नाही. ऐंशी उलटलेली बाई मला सांभाळून घेत होती, आणि मी तिला तेही करू देत होते. आजोबांनाही, कुणी विचारलं असतं तर, सांगायला चांगलं कारण असणारच. शिकवणीबाईंच्या दारात मुलगी उभी होती. ती आत बसली आणि तिने आईला विचारलं, आज कोण कोण आलं होतं? आई सांगत राहिली, मी गाडी चालवत राहिले.

स्पर्धेचा सामना दुसऱ्या एका शाळेच्या हॉलमध्ये होता. सुट्टीचा दिवस होता आणि मुलीला शिकवणी नव्हती. मी तिला येतेस का विचारलं. ती म्हणाली, नको, गेले तर खेळावंसं वाटेल. हे ती इंग्रजीत आणि अगदी सहज बोलली, जसं कुणी म्हणेल की बाहेर ऊन आहे. मी दारात उभी राहिले. माझ्या मनात आलं की हिला आता गाडीत घालावं, मॅडमना फोन करावा, काहीतरी करावं. पण संघाची यादी केव्हाच गेली होती. आई बाहेर गाडीपाशी थांबली होती. मी गेले.

दारावर फोन पिशवीत घालून ठेवून घेतले, कारण आत मुली खेळणार होत्या. प्रेक्षकांत सगळ्या आया, मावश्या, शिक्षिका. स्पिरिट क्लबच्या मुलींनी आईसाठी पहिल्या रांगेत जागा धरली होती. तिच्या गालावर एकीने निळ्या रंगाची रेघ ओढली. आईने ती ओढू दिली.

टाळ्या सुरू झाल्या तेव्हा दुसऱ्या शाळेच्या बायका वळून बघायला लागल्या. हॉल बंद असल्यामुळे एकेक टाळी भिंतीवर जाऊन परत यायची. आमच्या मुली चांगल्या खेळल्या. मला नियम फारसे कळत नाहीत, पण सामना अगदी बरोबरीने चालला होता हे कळत होतं. शेवटच्या पळतीत आमच्या ज्या मुली उरल्या होत्या त्यांत ती नववीतली होती. तिने बराच वेळ काढला. मी पहिल्यांदाच तिच्याकडे नीट बघत होते. ती खांबापाशी आली, आणि एक क्षण थांबली. पाठीमागची मुलगी झेपावली. बाद.

ती मैदानाबाहेर चालत आली तेव्हा आमच्या मुलींनी बोटांवर बोटं वाजवायला सुरुवात केली. आई त्यांच्या मध्ये बसून वाजवत होती. मी वाजवली नाहीत. माझे हात मांडीवर तसेच होते. थोड्याच वेळात शिट्टी झाली. आम्ही एका गुणाने हरलो होतो.

नंतर मुली आईभोवती जमल्या. काही रडत होत्या. ती नववीतली रडत नव्हती. ती सरळ माझ्याकडे आली, चेहरा लाल झालेला, केस कपाळाला चिकटलेले, आणि तिने मला इंग्रजीत विचारलं, "आंटी, ती असती तर आपण जिंकलो असतो ना?"

मी नाही म्हटलं. म्हटलं, तू फार छान खेळलीस, कोणीही असतं तरी हेच झालं असतं. ते खरं होतं की खोटं हे मला आजही माहीत नाही. माझी मुलगीही तिथे बाद झाली असती, असू शकेल. पण मी इतक्या घाईने बोलले की त्या पोरीला ते पटलं नाही, हे मला दिसलं. तिने मान हलवली, शुक्रन आंटी म्हणत आभार मानले आणि पाणी प्यायला निघून गेली. मुलीला संघातून काढून तो प्रश्न तिच्या मनात मी घातला होता. मॅडमनी नाही, माझ्या मुलीने नाही.

घरी मुलगी गणित सोडवत बसली होती. हरल्याचं कळल्यावर तिने पेन खाली ठेवलं आणि कुठे, कशी, कोण बाद झालं ते आजीला विचारून घेतलं. खांबाजवळ थांबायचं नसतं, खांब हाताने धरून अंग फिरवायचं असतं, हे तिने आजीला जेवणाच्या टेबलाचा पाय धरून करून दाखवलं. ते तिने इतकं सुंदर केलं की आई हसली. मग तिने त्या नववीतल्या मुलीला मेसेज पाठवला. काय पाठवलं ते मी विचारलं नाही. पुन्हा पेन हातात घेऊन ती गणिताला लागली.

बोर्डात तिला चांगले मार्क पडले. शिकवणीमुळे पडले की ती वर्षाच्या शेवटी अभ्यासाला लागली म्हणून, हे कसं सांगायचं? नवऱ्याने ऑफिसात मिठाई वाटली. सगळे म्हणाले, बघ, तुझा निर्णय बरोबर होता. मीही हसून हो म्हटलं.

अकरावीत संघाची निवड होती तेव्हा मीच तिला आठवण करून दिली. आता हवं तर शिकवणी सोडू, म्हटलं. ती म्हणाली, आता सराव राहिला नाही, आणि खालच्या वर्गातल्या मुली जास्त चांगल्या आहेत. मी आग्रह केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा केला. तेव्हा ती जरा वैतागली. तिच्यासाठी ते संपलं होतं. खलास, असंच म्हणाली. मी मात्र तिला परत मैदानावर नेऊन उभी करायला बघत होते, म्हणजे मला बरं वाटलं असतं.

या वर्षी आई आली नाही. डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलं आहे, गुडघे फार दुखतात. ती पुण्याहून व्हिडिओवर दिसते आणि मैदानावरच्या पोरींची चौकशी करते. मला काही माहीत नसतं. मी बऱ्या आहेत म्हणून सांगते.

आणि अशात खेळाच्या मॅडमचा मला फोन आला. ती तेलुगू मुलगी आता दहावीत आहे, संघाची कर्णधार आहे, आणि तिची आई तिला काढते आहे. तुम्ही बोलाल का त्यांच्याशी, मॅडमनी विचारलं. तुम्हाला यातलं माहीत आहे. या वाक्यात त्यांच्या मनात दुसरं काही होतं असं मला वाटत नाही, पण ते मला लागायचं तिथे लागलं.

मी त्या बाईंना फोन केला. आम्ही हिंदीत बोललो. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि मग विचारलं, तुम्हीही काढलं होतं ना तुमच्या मुलीला? मी हो म्हटलं. तिला चांगले मार्क पडले ना? मी पुन्हा हो म्हटलं. मग तुम्ही मला का सांगताय, हे त्यांनी विचारलं नाही. शेवटी मी म्हटलं की मार्क पडले, पण मला अजून बरं वाटत नाही. एवढंच मला सांगता आलं. त्या म्हणाल्या, बघते, इन्शाल्ला.

आठवड्याभराने मॅडमनी कळवलं की मुलगी संघात राहते आहे. मला वाटलं, चला, माझ्या हातून एवढं तरी झालं. मी त्या बाईंना पुन्हा फोन केला, बरं केलंत म्हणून सांगायला. त्या हसल्या. म्हणाल्या, तुमच्यामुळे नाही हो. पोरीने घर डोक्यावर घेतलं. रडली, भांडली, जेवेना, बापाशी बोलेना. शेवटी आम्हीच थकलो. आता दोन्ही करते म्हणते, बघू काय करते.

त्या संध्याकाळी मुलगी स्वयंपाकघरात माझ्याजवळ कोथिंबीर निवडायला उभी होती. आता ती सतराची आहे, माझ्याहून उंच. मी तिला त्या मुलीबद्दल सांगितलं. तिला माहीत होतं. त्या दोघी अजून बोलतात. मी गॅस बारीक केला आणि विचारलं, "तू का नाही ग भांडलीस तेव्हा?"

तिने हातातली काडी मोडून कचऱ्यात टाकली. ती रागावली नव्हती, तिला खरंच आठवून सांगायचं होतं असं दिसलं.

"तू खूप दमलेली दिसत होतीस," ती मराठीत म्हणाली. "आज्जी होती, ऑफिस होतं. मला वाटलं, अजून एक गोष्ट कशाला."

मग तिने कोथिंबीर धुवायला घेतली. मी तिच्याजवळ उभी होते. तिच्या पाठीवर हात ठेवावा असं वाटलं आणि ठेवलाही. तिने वळून विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही.